जग बुडणार होतं त्याचं काय झालं? माया कॅलेंडरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१२ होऊन गेलं, २०२० होऊन गेलं, तरी दर दीड-दोन वर्षांनी कुणीतरी तो मेसेज परत फिरवतंच. "माया लोकांनी हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय" अशी सुरुवात, खाली एक दगडी चेहऱ्याचा फोटो, आणि शेवटी "१० जणांना पाठवा". आमच्या नातेवाइकांत आकाशाबिकाशातलं थोडं कळणारी मी एकटीच असल्याने सगळे मलाच विचारतात, आणि तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. वरपासून वाचायलाच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा आणि वाचा.

थोडक्यात सांग, जग बुडणार आहे का नाही?

नाही. निदान माया लोकांनी, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या मूळ रहिवाशांनी, तरी तसं कुठेही म्हटलेलं नाही.

मग जग बुडण्याची २१ डिसेंबर २०१२ ही तारीख आली कुठून?

हे नीट समजून घेतलं तर बाकी निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा लांबण लावते.

माया लोकांकडे एक नाही तीन-चार कॅलेंडरं एकाच वेळी चालायची. एक २६० दिवसांचं, त्याला त्सोल्किन म्हणतात, ते पूजाअर्चा, मुहूर्त, मुलाचं नाव वगैरेसाठी. दुसरं ३६५ दिवसांचं, हाब, त्यात २० दिवसांचे १८ महिने आणि शेवटी उरलेले ५ अशुभ दिवस. ही दोन्ही चाकं एकात एक अडकवून फिरवली की तीच जोडी परत यायला १८,९८० दिवस लागतात, म्हणजे साधारण ५२ वर्षं. रोजच्या जगण्याला हे पुरतं. पण राजाला दगडावर कोरायचं असतं की माझ्या खापरपणजोबाने अमुक लढाई जिंकली, तेव्हा ५२ वर्षांचं चक्र कमी पडतं, कारण तोच दिवस नेमका कुठल्या फेरीतला हे कळत नाही. म्हणून तिसरी मोजणी, लाँग काउंट. ही म्हणजे एका ठराविक दिवसापासून आजपर्यंत किती दिवस झाले त्याचा नुसता आकडा. आपल्या पंचांगवाल्यांचं अहर्गण म्हणतात ना, डिट्टो तेच.

फक्त आकडा मांडायची पद्धत विसाची आहे. माझी आजी बाजारात "तीन इसा न् पाच" म्हणायची, म्हणजे पासष्ट, तसं. एक दिवस म्हणजे किन, २० किनचा एक विनाल, १८ विनालचा एक तून म्हणजे ३६० दिवस (इथे वीस नाही अठरा, वर्षाच्या जवळपास जावं म्हणून), २० तूनचा कातून म्हणजे ७,२०० दिवस आणि २० कातूनचा बाकतून म्हणजे १,४४,००० दिवस. तारीख लिहिताना मोठं एकक आधी.

आपल्या ओळखीची एक तारीख करून बघू. १ मे १९६०, महाराष्ट्र दिन. मायांच्या शून्य दिवसापासून त्या दिवशी १८,५२,७७३ दिवस झाले होते. त्यातून १२ बाकतून काढा, १७,२८,००० गेले. उरलेल्यातून १७ कातून, १,२२,४०० गेले. मग ६ तून म्हणजे २,१६०, मग १० विनाल म्हणजे २००, आणि उरले १३. झाली तारीख, १२.१७.६.१०.१३. एवढंच आहे ते. कॅल्क्युलेटर घेऊन बसलं तर सातवीतलं पोरगं करेल.

आता ही मोजणी सुरू होते इसवी सनपूर्व ३११४ च्या ११ ऑगस्टला आणि १३ बाकतून पूर्ण होतात १८,७२,००० दिवसांनी, म्हणजे ५,१२५ वर्षं आणि वर काही महिने, आणि तो दिवस पडतो २१ डिसेंबर २०१२. गूढ वगैरे काही नाही, गुणाकार आहे.

आणि हो, आपल्या तारखांशी जुळवायचं हे गणित गुडमन, मार्तीनेस आणि थॉम्पसन या तिघांच्या कामातून आलंय, त्यातही दोन दिवसांचा वाद आहे, काही जण २३ डिसेंबर धरतात. एवढ्या मोठ्या प्रलयाची तारीखच नक्की नाही, त्यामुळे २२ तारखेला सकाळी काही लोक "अजून उद्या आहे" म्हणत बसले होते.

पण १३ बाकतून झाले की कॅलेंडर संपतं ना?

हाच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं तर आपल्याला मराठी लोकांना हा पडायलाच नको.

आपल्याकडे ६० संवत्सरं आहेत, गुढीपाडव्याला पंचांगात नाव बदलतं. पहिलं प्रभव आणि साठावं, शेवटचं, त्याचं नाव काय तर क्षय! आता कोणी परदेशी माणूस आला, त्याने ही यादी वाचली आणि जाहीर केलं की हिंदूंच्या कॅलेंडरच्या शेवटी क्षय लिहिलंय, म्हणजे जग नष्ट होणार, तर आपण हसू ना? कारण क्षय संवत्सर १९८६-८७ मध्ये येऊन गेलं, शके १९०८. पुढच्या पाडव्याला प्रभव लागलं, लोकांनी श्रीखंड खाल्लं, संपलं. आणि गंमत म्हणजे २०१२ मध्ये जगाला घाम फुटला होता तेव्हा आपल्याकडे शके १९३४ चालू होतं, संवत्सराचं नाव नंदन.

कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञ होऊन गेले, त्यांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघव लिहिलं. अहर्गणाचे आकडे फार मोठे होतात म्हणून त्यांनी ११-११ वर्षांची चक्रं पाडली, ४,०१६ दिवस झाले की चक्राचा आकडा एकने वाढवायचा आणि आतले दिवस परत पहिल्यापासून मोजायचे. दर ११ वर्षांनी जग बुडतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं, हिशोब सोपा व्हावा एवढंच.

मायांचंही तसंच, आणि हे मी मनाने म्हणत नाहीये, त्यांनीच पुरावा कोरून ठेवलाय. मेक्सिकोत पालेंकेला पाकाल नावाचा राजा होता, ६१५ साली १२ वर्षांचा असताना गादीवर आला. त्याच्या समाधीच्या देवळातल्या लेखात त्याच्या राज्यारोहणाचा एक भावी वाढदिवस मोजलाय, ५२ वर्षांच्या ८० फेऱ्या झाल्यावर येणारा, आणि तो पडतो ऑक्टोबर ४७७२ मध्ये. म्हणजे दरबारातल्या लोकांची पक्की खात्री होती की ४७७२ मध्येही कोणीतरी असेल आणि आमच्या राजाची आठवण काढेल. (थोडी जास्तच खात्री म्हणा, पण राजाचे भाट ते.) त्याच लेखातून हेही कळतं की १३ नंतर १४, १५ करत बाकतून २० पर्यंत जातात आणि मग त्याहून मोठं एकक सुरू होतं. युकातानातल्या कोबा गावी तर एका शिळेवर बाकतूनच्या वर डझनाहून जास्त एककं मांडलीयेत, त्या आकड्यापुढे विश्वाचं वयही किरकोळ वाटतं.

अजून एक. ग्वाटेमालात शुलतून इथे जंगलात एक छोटी खोली सापडली, २०१२ च्या मे महिन्यातच ते जाहीर झालं, म्हणजे टायमिंग बघा. भिंतीवर चित्रं, आणि चित्रांच्या मध्ये बारीक अक्षरात चंद्राचे, ग्रहांचे आकडे, जणू कोणी रफ वहीत गणितं केलीयेत. नवव्या शतकातलं काम. पुरातत्त्वज्ञ विल्यम सॅटर्नो आणि सहकाऱ्यांनी ते वाचलं, तर त्यातले आकडे मिळून साधारण ७,००० वर्षांचा पल्ला निघतो. जग संपणार हे माहीत असलेला माणूस एवढ्या पुढचे हिशोब कशाला करत बसेल.

मग १३ च का? आधीचं जग १३ बाकतूननंतरच नष्ट झालं होतं म्हणे.

हा प्रश्न विचारणाऱ्याने थोडं वाचलेलं असतं, त्यामुळे याला नीट उत्तर द्यायला आवडतं. मायांची सुरुवातीची तारीख, ती ३११४ ची, त्यांनी ०.०.०.०.० न लिहिता १३.०.०.०.० लिहिलीये हे खरं. त्यांच्या गोष्टींमध्ये आधी मातीची माणसं, मग लाकडाची माणसं झाली आणि ती जमली नाहीत म्हणून मोडली, हेही खरं. दोन्ही एकत्र केलं की वाटतं, १३ झाले की मोडतोड.

पण त्या ३११४ च्या दिवशी नक्की काय झालं हे किरिग्वाच्या एका शिळेवर लिहिलंय. ग्वाटेमालातली जागा, आठव्या शतकातली शिळा. त्यावर महापूर नाही, आग नाही, काही नाही. देवांनी तीन दगड मांडले, एवढंच. तीन दगड! माया घरात चूल तीन दगडांचीच असते, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांना यात विश्वाची चूल मांडणं दिसतं. गावाकडे नवीन घरात आधी चूल मांडतात तशी. मला हे वाचून इतकं आपलंसं वाटलं होतं की काय सांगू.

१३ त्यांचा आवडता आकडा होता, २६० दिवसांच्या कॅलेंडरातही १३ गुणिले २० आहेत. आपल्याला १०८ चं असतं तसं.

२०१२ बद्दल माया लोकांनी स्वतः काही लिहिलंय की नाही?

लिहिलंय, पण फारच थोडं. हजारो कोरीव लेख वाचून झालेत आणि त्यात या तारखेचा नक्की उल्लेख दोनच ठिकाणी धरला जातो.

एक तोर्तुगेरोचा, मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातला. सातव्या शतकातला दगड, तुटलेला, आणि नेमका शेवटचा भाग झिजलेला, त्यामुळे अफवांना रान मोकळं. जेवढं वाचता येतं त्यात असं की १३ वा बाकतून संपेल आणि बोलोन योक्ते नावाचा देव येईल, त्याला साज चढवला जाईल, असा काहीसा अर्थ लागतो. म्हणजे देवाला वस्त्रंप्रावरणं नेसवून मिरवायचा सोहळा. आता हे वाचून कुणाला प्रलय आठवेल? मला तर पालखी आठवली.

दुसरा ला कोरोनाचा, ग्वाटेमालातला, जिन्याच्या पायरीवरचा, तो २०१२ मध्येच सापडला आणि वाचला माया लिपीचा अभ्यासक डेव्हिड स्टुअर्टने. ६९६ साली कालाकमुल या बलाढ्य माया राज्याचा राजा लढाईत मार खाल्ल्यावर आपल्या दोस्तांच्या गावांना भेटी देत फिरत होता, त्या भेटीचा हा लेख. राजाने आपल्या कारकिर्दीला १३ व्या बाकतूनशी जोडून घेतलंय, की बघा मी किती मोठ्या काळाच्या साखळीतला. हरलेल्या पुढाऱ्याने स्वतःच्या फोटोमागे शिवकाल लावावा त्यातला प्रकार. शुद्ध राजकारण.

मग हे खूळ काढलं कोणी?

माया लोकांनी नाही, एवढं नक्की. टप्प्याटप्प्याने जमत गेलं.

मायांच्या जुन्या पोथ्यांपैकी मोजक्याच वाचल्या, कारण दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १५६२ च्या जुलैमध्ये मानी गावी ढिगाने पोथ्या जाळल्या. वाचलेल्यांपैकी एक जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. तिच्यात शुक्राचे आणि ग्रहणांचे अप्रतिम तक्ते आहेत पण लोकांना आठवतं फक्त एक पान, ज्यात आकाशातल्या मगरीसारख्या प्राण्याच्या तोंडातून पाणी कोसळतंय. एर्न्स्ट फोर्स्टेमान हा तिथला ग्रंथपाल, पोथीचं गणित आधी त्यानेच उलगडलं, पण त्या पानात त्याला जगाचा शेवट दिसला. त्या पानाचा २०१२ शी काही संबंध नाही.

मग १९६६ मध्ये मायकेल को या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने मायांवरच्या आपल्या पुस्तकात जाता जाता लिहिलं की १३ वा बाकतून संपताना महासंहार होईल अशी त्यांची समजूत असावी. गंमत म्हणजे त्या पहिल्या आवृत्तीत तारीख २४ डिसेंबर २०११ होती. एक वाक्य हो, पण ते एका नावाजलेल्या विद्वानाचं होतं. पुढे १९८७ च्या ऑगस्टमध्ये होसे आर्ग्वेयेस याने जगभरच्या लोकांना डोंगरांवर जमून ध्यान करायला लावलं, २०१२ ला मानवजातीची चेतना बदलणार म्हणून. म्हणजे तोवर निदान चांगलं काहीतरी होणार होतं. मग त्यात निबिरू नावाचा काल्पनिक ग्रह घुसला, केबल टीव्हीला विषय मिळाला, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये हॉलिवूडने थेट २०१२ नावाचा सिनेमाच काढला आणि मग आपल्याकडच्या चॅनेलांनी रात्री ९ ला लाल पट्टी, ढणढण म्युझिक आणि "क्या खत्म हो जाएगी दुनिया". बायबलमधला शेवटचा न्याय, अमेरिकन अध्यात्म आणि टीआरपी यांची भेळ आहे ती. त्यात माया फक्त वर भुरभुरवलेल्या शेवेपुरते.

तो जीभ बाहेर काढलेला गोल दगडी चेहरा म्हणजेच माया कॅलेंडर ना?

नाही! तो दगड माया नाहीच, मेक्सिकोतल्याच अझ्टेक नावाच्या दुसऱ्या लोकांचा आहे, शेकडो वर्षांनंतरचा आणि शेकडो किलोमीटर लांबचा. १७९० च्या डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडला, साडेतीन मीटरहून रुंद, वजन २४ टनांच्या आसपास, आता तिथल्या मानववंशशास्त्राच्या म्युझियममध्ये आहे. ज्या मेसेजमध्ये हा फोटो असेल तो पुढे वाचायची गरज नाही, माझी साधी टेस्ट आहे ही. हंपीचा फोटो लावून खाली वेरूळ लिहिणाऱ्याकडून इतिहास शिकायचा नाही.

निबिरू नावाचा ग्रह येऊन आदळणार होता तो?

तो आधी २००३ च्या मे महिन्यात येणार होता. आला नाही म्हणून तारीख ढकलून २०१२ वर नेली. मायांशी याचा कधीच काही संबंध नव्हता.

साधा विचार करा, २०१२ मध्ये आदळणारा ग्रह असता तर २००९-१० पासून नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. जगभर लाखो हौशी लोक दुर्बिणी लावून बसतात, आमच्यासारखे थंडीत कुडकुडत माळशेज-वांगणीला जाणारेही त्यात आले, आणि या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणा सरकारने म्हटलं तरी आकाश झाकता येत नाही. पुढे २०१४ मध्ये नासाच्या वाइज दुर्बिणीच्या सर्व्हेचा निकाल आला, की सूर्य-पृथ्वी अंतराच्या १०,००० पटींपर्यंत शनीएवढं काहीही लपलेलं सापडलं नाही.

आणि ग्रह एका रेषेत? सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी येतो ते?

२१ डिसेंबर २०१२ ला कुठलेही ग्रह रेषेत नव्हते. विषय संपला.

आकाशगंगेचं म्हणाल तर सूर्य दर डिसेंबरात धनु राशीतून जातो आणि तिकडेच आकाशगंगेचा मध्य आहे, दरवर्षी. डिसेंबरात सूर्य जिथून उत्तरेकडे वळतो तो अयनबिंदू सरकत सरकत आकाशगंगेच्या मध्यरेषेवर येतो हे खरं, पण ७२ वर्षांना एक अंश इतक्या गोगलगायीच्या गतीने, आणि सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं, त्यामुळे ही "युती" ३०-३५ वर्षं चालूच असते. जाँ मेयूस या गणितज्ञाने नेमकं वर्ष काढलं तर ते १९९८ आलं. तेव्हा आपण काय करत होतो, कांद्याच्या भावावर ओरडत होतो. वर ती मध्यरेषा झाली, प्रत्यक्ष मध्य सूर्यापासून त्या दिवशीही ६ अंश लांब असतो, म्हणजे मध्ये डझनभर पौर्णिमेचे चंद्र बसतील. आणि अंतर साधारण २६,००० प्रकाशवर्षं. तिथून ओढ लागून समुद्र उसळणार म्हणजे कमाल आहे.

ग्रहांची भीती आपल्याला नवीन नाही पण. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली होती, मकर राशीत केतू धरून आठ ग्रह एकत्र. देशभर यज्ञ, होम, अखंड नामस्मरण, तुपाचे डबेच्या डबे आगीत. आमचे आजोबा सांगायचे, शेजारचे एक गृहस्थ बँकेतले पैसे काढून सोनं घेऊन गावी गेले आणि आठ दिवसांनी खाली मान घालून परत आले, चाळीत पुढे कायम त्यांना अष्टग्रहीकाका म्हणायचे. त्या दिवसांत माया लोकांचं नावही कोणी ऐकलं नव्हतं, म्हणजे घाबरायला माया लागतातच असं नाही.

ध्रुव उलटे होणं, सौर वादळ, तीन दिवस काळोख?

चुंबकीय ध्रुव उलटतात, खरंय. शेवटचे पूर्ण उलटले त्याला साधारण ७,८०,००० वर्षं झाली आणि उलटायला हजारो वर्षं लागतात. एका शुक्रवारी दुपारी होत नाही ते.

सौर वादळं खरी आहेत आणि त्यांची काळजी करणारी माणसं पगारावर आहेत. पण ही वादळं वाढण्या-कमी होण्याचं सूर्याचं तेव्हाचं चक्र टिपेला पोचलं २०१४ च्या एप्रिलमध्ये, आणि तेही १०० वर्षांतल्या सगळ्यात मरतुकड्या चक्रांपैकी.

तीन दिवस काळोख: आमच्याकडे लोडशेडिंग होतं, त्याचा मायांशी संबंध नाही.

आपलं कलियुग पण त्याच सुमारास सुरू झालं ना? हा योगायोग कसा?

कलियुगाची सुरुवात इसवी सनपूर्व ३१०२, १८ फेब्रुवारी. मायांची ३११४. फरक साडेअकरा वर्षांचा, हे ऐकायला भारी वाटतं हे मान्य, मलाही कॉलेजात असताना अंगावर काटा आला होता.

पण दोन्ही तारखा मागाहून मोजत मागे नेलेल्या आहेत. आर्यभट सांगतो की कलियुगाची ३,६०० वर्षं झाली तेव्हा तो २३ वर्षांचा होता, म्हणजे ४९९ साल. बहुतेक अभ्यासक मानतात की ग्रह सगळे एकत्र येतील असा आरंभ गणिताने मागे जाऊन शोधला. तिकडेही लाँग काउंटच्या ज्या सगळ्यात जुन्या तारखा मिळतात त्या इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या, म्हणजे त्या "शून्य दिवसा"नंतर ३,००० वर्षांनी. त्या दिवशी कोणी वही उघडून एक नंबर लिहिला नव्हता. शिवाय आपलं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यांचा टप्पा ५,१२५ चा. सुरुवात जवळ आणि शेवट कुठल्या कुठे, मग जुळलं काय?

२०१२ चुकलं, खरी तारीख २१ जून २०२० होती असं आलं होतं.

हो, आणि ते बरोबर लॉकडाऊनमध्ये आलं, त्यात त्याच दिवशी सूर्यग्रहण, राजस्थान-हरियाणाकडे कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास, म्हणजे घाबरायचं साहित्य सगळं घरपोच. माझी मावशी फोनवर रडायची बाकी होती.

त्यातलं गणित असं होतं: कॅलेंडर बदलताना दरवर्षी ११ दिवस हरवले, १७५२ ते २०२० झाली २६८ वर्षं, गुणिले ११ म्हणजे २,९४८ दिवस, भागिले ३६५ म्हणजे ८ वर्षं, म्हणून आत्ता खरं तर २०१२ चालू आहे. चूक एकाच शब्दात आहे, "दरवर्षी". ब्रिटनने ११ दिवस एकदाच गाळले. १७५२ मध्ये २ सप्टेंबरचा बुधवार संपला आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार, तारीख १४. बस. वारसुद्धा तुटला नाही. आणि मायांच्या मोजणीत तर नुसते दिवस मोजतात, युरोपने त्या दिवसाला कुठला नंबर दिला याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. जुळवणी करणाऱ्यांनी हे आधीच धरलेलं असतं. मावशीला मी म्हटलं, दरवर्षी ११ दिवस गेले असते तर आत्तापर्यंत गणपती थंडीत नाहीतर उन्हाळ्यात आले असते की नाही? तेव्हा कुठे ती शांत झाली.

एवढे हुशार होते तर स्वतःचा अंत कसा कळला नाही त्यांना?

हा जोक आधी मीही मारायचे. मग कळलं की अंत झालेलाच नाही. दक्षिणेकडची मोठी शहरं नवव्या शतकाच्या आसपास ओस पडली, दुष्काळ, लढाया, राजांवरचा उडालेला विश्वास, बरीच कारणं. लाँग काउंटमध्ये कोरलेली शेवटची तारीख ९०९ सालची, मेक्सिकोतल्या तोनिनाची. पण माणसं कुठे जातील? आजही ग्वाटेमाला, मेक्सिको, बेलीझमध्ये लाखो लोक माया भाषा बोलतात. ग्वाटेमालाच्या डोंगरांत दिवस सांगणारे लोक आहेत, आपल्या गुरुजींसारखे, ते २६० दिवसांचं चक्र अजून चालवतात. लाँग काउंट मात्र त्यांच्यातून केव्हाच गेलेलं, त्यामुळे २०१२ ची पत्रकारांची फौज गेल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना हे नवीनच होतं.

त्या दिवशी नक्की झालं काय?

फ्रान्समध्ये बुगाराश नावाचं जेमतेम २०० वस्तीचं गाव, तिथल्या डोंगरातून परग्रहवासी लोकांना वाचवणार अशी अफवा, तर सरकारने डोंगरच बंद केला आणि गावात भक्तांपेक्षा पत्रकार जास्त झाले. चीनमध्ये अफवा पसरवणाऱ्या एका पंथाच्या शेकडो लोकांना पकडलं. नासाने तर "काल जग का बुडालं नाही" अशा अर्थाचा व्हिडिओ आठ-दहा दिवस आधीच टाकून दिला, मला हे फार आवडतं. आणि खरं नुकसान झालं ते मायांचंच. ग्वाटेमालात तिकालला एवढी गर्दी उसळली की चढायला बंदी असलेल्या एका देवळावर लोक चढले आणि त्याच्या दगडांची मोडतोड झाली.

आमच्या घरी म्हणाल तर आदला दिवस, २० डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने घट मांडला, पाच फळं, पाच पानं, कहाणी वाचली. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या त्या घाबरलेल्याच, घरात पाण्याचे दोन पिंप भरून आलेल्या, म्हणे टीव्हीवर दाखवलंय. आई नारळाला हळदीकुंकू लावता लावता म्हणाली, "अहो पण उद्यापन १० जानेवारीला आहे ना, मी सहा सवाष्णींना सांगून बसलेय." काकू विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "मला पण सांगितलंयत का?" दुसऱ्या दिवशी अयन होतं दुपारी ४ वाजून ४२ मिनिटांनी. मी ऑफिसातून काकूंना फोन केला तर त्या पिंपातलं पाणी झाडांना घालत होत्या.

मुलं घाबरतात, त्यांना काय सांगू?

हसण्यावारी नेऊ नका, एवढं आधी. नासाकडे डेव्हिड मॉरिसन नावाचे शास्त्रज्ञ लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, त्यांच्याकडे २०१२ बद्दल हजारो पत्रं आली आणि त्यात आम्हाला जगायचंच नाही असं लिहिणारी शाळकरी मुलंही होती. आपल्याकडे सोशल मीडियाच्या आधीपासून हे चालू आहे. "गप बस, काही होत नाही" म्हटलं की पोरांना वाटतं मोठे लपवतायत. त्यापेक्षा पाटी-पेन्सिल घ्या आणि मुलाच्या जन्मतारखेची माया तारीख काढायला बसवा, वर पद्धत दिलीये. माझ्या भाच्याने केली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमली. मग वहीच्या प्रत्येक पानावर टिंबं आणि रेघा, एक टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्याला शिंपला. शाळेत बाईंनी विचारलं हे काय म्हणून.

बरं, मग पुढची तारीख कधी आहे?

१४ वा बाकतून पूर्ण होतो २६ मार्च २४०७ ला. सोमवार आहे.